चौथा खडा

वसुधा काळमेघ कुलपं बसवायची. लोखंडाची नव्हेत. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी जे चिमुकलं कुलूप दिसतं ना, ती. बँकेची, दवाखान्याची नाहीतर पैठणीच्या दुकानाची साइट उघडली आणि कुलूप दिसलं की लोक निर्धास्त होतात, आपली सगळी कुंडली तिथे ओतून मोकळे होतात. कुलूप कोणी बसवलं, नीट बसवलं का, हे कोणी विचारत नाही. वसुधाला त्याचं वाईट वाटत नसे. चौकशी करणाऱ्या माणसांपेक्षा न करणारी माणसं तिला नेहमीच सोयीची वाटत आली होती.

नागपूरला वर्धा रोडवर 'निःशंक' नावाच्या कंपनीत ती हे काम करी. कामातली मेख कळायला लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणावी. पाहुणे थोडे असले तर एक वाढपी पुरतो. गर्दी झाली की अनेक पंगती एकदम बसवाव्या लागतात आणि दारात एक माणूस उभा करावा लागतो. तो येणाऱ्याला बघतो आणि म्हणतो, तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे. गर्दीच्या वेबसाइटचंही तेच. एकाच नावामागे अनेक सर्व्हर असतात आणि दारात लोड बॅलन्सर. तो अधूनमधून आत डोकावून प्रत्येक सर्व्हरला विचारतो, "आहेस ना?" जो चटकन "आहे" म्हणेल त्याच्याकडे पाहुणा पाठवायचा. जो रेंगाळेल त्याचं पान उचलायचं.

आता या प्रत्येक सर्व्हरवर त्याच नावाचं एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे त्या कुलपामागचा ओळखीचा दाखला, लागतं, आणि त्याची गुप्त किल्लीही. प्रमाणपत्राला मुदत असते. मुदत संपली की सगळ्या सर्व्हरांवर नवं चढवायचं. एखादा विसरला, तर त्या पंगतीत गेलेल्या पाहुण्याला सांगितलं जातं, की हे तुमच्या ओळखीचं लग्न नव्हे, परत जा. यजमान मात्र बुचकळ्यात, कारण तो स्वतः तपासायला जातो तेव्हा बरोब्बर चांगल्या पंगतीत जाऊन बसतो. वसुधाने अशी विसरलेली पानं शोधण्यात वर्षं काढली होती. दुसऱ्यांची.

पुढे आवाजचोरीची साथ आली. माणसाचं चार वाक्यांचं बोलणं कुठून तरी उचलायचं आणि त्यावरून अख्खा माणूस बोलता करायचा, हे यंत्रांना पापड भाजण्याइतकं सोपं झालं. लेक फोनवर रडते, आई हातातल्या पाटल्या काढून दारात आलेल्या माणसाला देते, आणि लेक तिकडे ऑफिसात चहा पीत असते. हे घडलं ते वसुधाच्याच आईच्या बाबतीत, आर्वीला. अनसूयाबाईंची नजर तेव्हा मधोमध विझत चालली होती. कडेचं सगळं दिसे: दाराची चौकट, पेरूचं झाड, माणसाचे कान. पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच नाहीसं होई. चेहरा कोणाचाच दिसेना.

"आवाज तुहाच होता वं," अनसूयाबाई पुन्हा पुन्हा म्हणाल्या. "शिंकलीसुद्धा तुह्यासारखीच."

साथ हाताबाहेर गेली तेव्हा वेबसाइटचा उपाय माणसांना लावण्यात आला. प्रत्येकाला प्रमाणपत्र, प्रत्येकाला गुप्त किल्ली. फोन आला की घेणाऱ्याचा फोन आधी ते तपासणार; माणूस समोर आला तर त्याच्या खिशातल्या फोनचं तपासणार. खरं असेल तर हिरवा दिवा आणि 'टुण' असा गोड आवाज. नसेल तर लाल दिवा आणि घोगरी घरघर. वसुधाने असा फोन आर्वीला नेऊन आईच्या हातात दिला.

"टुण वाजल्याशिवाय कोणावर विसंबायचं नाही. उद्या मी स्वतः दारात येऊन उभी राहिले, तरी आधी हा फोन पुढे करायचा."

"तू आली तरी?"

"मी आले तरी."

"बरं माय," म्हणून म्हातारी हसली. वसुधाला वाटलं, चला, एक काळजी मिटली. आज्ञा करणाऱ्यांना आज्ञा पाळणाऱ्यांचं भय कधी वाटत नाही. वाटायला हवं.

*

माणसाला प्रमाणपत्र मिळालं की पुढची पायरी दूर नव्हती. प्रमाणपत्र तोंडाला मिळत नाही, नावाला मिळतं. ज्याच्याकडे किल्ली, तो त्या नावाने बोलणार. मग त्या नावामागे एकच तोंड कशाला हवं? 'निःशंक'ने लोकांच्या प्रती काढायला सुरुवात केली. तुमचे वर्षानुवर्षांचे निरोप, फोन, टपाल, भांडणं, सगळं यंत्राला वाचायला द्यायचं. यंत्र तुमच्यासारखं बोलायला शिकायचं. अशा तीन प्रती तीन सर्व्हरांवर बसवायच्या, तिघींना एकच प्रमाणपत्र, एकच किल्ली, आणि दारात लोड बॅलन्सर. गिऱ्हाइकाने एकदा संमतीवर अंगठा ठेवला की कायद्याने प्रतीचं बोलणं ते त्याचंच बोलणं. लोकांनी अंगठे कसे उमटवले म्हणता! नात्यातल्या सगळ्यांशी बोलायचं तर असतं, बोलायला वेळ तेवढा नसतो. आणि वेळ मिळाला की बोलावंसं वाटत नाही.

कंपनीच्या माणसांना ही सेवा आधी मिळाली. वसुधाच्या प्रती तिनेच बसवल्या. त्या दिवशी मोहरील साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. साहेब कंपनीचे तांत्रिक प्रमुख, दोन परदेशी पदव्या, आणि मंगळवारी नवा सर्व्हर सुरू न करणारे.

"तीन?" ते म्हणाले. "तीन कशाला करून राहिल्या, वसुधाताई? तीन तिघाडा, काम बिघाडा."

"साहेब, चौथा सर्व्हर लावायचा तर प्रत्येक गिऱ्हाइकामागे…"

"सर्व्हर कोण म्हणतं? यादीत चौथं नाव पाहिजे. गिऱ्हाइकाचा स्वतःचा फोन टाका ना. तिघी कामात असल्या तरच तिकडे पाठवायचं. म्हणजे कधीच नाही." साहेब आपल्याच युक्तीवर खूश झाले. "आमच्या घरी तिघं गावाला निघालो की आई चौथा म्हणून खडा घ्यायची पिशवीत. तसं."

वसुधाच्या घरीही तेच होतं. ती, आई, बाबा एसटीने अमरावतीला निघाले की आई अंगणातला खडा उचलून पिशवीत टाकी. पोचल्यावर बाबा तो रस्त्याकडेला भिरकावून देत. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, "तो घरी परत कसा जाईल?" आई म्हणाली होती, "खड्याले कुठं परत जायचं असते?"

तर यादीतल्या त्या चौथ्या जागेला ऑफिसात 'खडा' हेच नाव पडलं. गिऱ्हाइकाचा फोन म्हणजे खडा. म्हणजे खरं तर गिऱ्हाईक म्हणजेच खडा, पण एवढा विचार करायला कोणाला सवड होती?

दारावरचा माणूस एकदा आलेल्या पाहुण्याला पुढेही त्याच पंगतीला बसवतो, म्हणजे बोलणं तुटत नाही. वसुधाची पहिली प्रत अशी ऑफिसच्या वाट्याला गेली, तिसरी सटरफटर लोकांच्या, आणि दुसरी आईच्या. रोज संध्याकाळी दुसरी आर्वीला फोन करी आणि नंतर वसुधाला सारांश पाठवी. सारांश पहिल्या पुरुषात असे. तशी पद्धतच होती. 'आईशी बोलले. गुडघा दुखतो म्हणाली. तेल लावायला सांगितलं.' सुरुवातीला वसुधा तो लक्ष देऊन वाची. मग वरवर. मग फक्त 'वाचलं' या खुणेवर बोट टेकवी, कारण न टेकवल्यास तो पुन्हा पुन्हा येई.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटे. मुलगी म्हणून तिच्या नावावर काही थकलेलं नव्हतं.

*

एका रविवारी सकाळी बाजारात तिला अंबाडीची ताजी जुडी मिळाली. भाजी गॅसवर चढवल्यावर तिला आठवेना, की कण्या आधी शिजवायच्या की पाल्याबरोबर. तिने आईला फोन लावला. स्वतः, आपल्या हाताने. किती दिवसांनी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

पलीकडून टुण ऐकू आलं नाही. घरघर ऐकू आली. मग फोनचा थंड आवाज म्हणाला, "ओळख पटली नाही. ही व्यक्ती वसुधा काळमेघ नाही."

"कोण व्हय?" आईचा आवाज.

"अगं, मी. वसू."

"मुडद्या, पुन्हा आला का तू? आता पाटल्या नाहीत माह्या हातात!" आणि फोन बंद.

वसुधाला आधी हसू फुटलं. मग तिने आपल्या फोनचं प्रमाणपत्र उघडून पाहिलं आणि हसू ओसरलं. मुदत संपलेली होती. संपून बरेच दिवस झाले होते. प्रमाणपत्रं आपोआप नवी करणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. तो सर्व्हरांच्या यादीवरून फिरे आणि प्रत्येकावर नवं प्रमाणपत्र चढवी. पण खडा त्या यादीत नव्हता. खड्याला कशाला, असं तिला तेव्हा वाटलं होतं. दुसऱ्यांची विसरलेली पानं शोधणारीने स्वतःचं पान मांडलंच नव्हतं.

चूक साधी होती. नव्या प्रमाणपत्राचा अर्ज करायचा, झालं. तिने केला. असा अर्ज आला की प्रमाणपत्र देणारं कार्यालय त्या नावाच्या पत्त्यावर एक खूण पाठवतं: हा अर्ज तुम्हीच केलात ना? खूण पटली की काम फत्ते. वसुधा फोन हातात धरून खुणेची वाट बघत बसली. खूण आली नाही. नकार आला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. खूण नावाच्या पत्त्यावर जाते, आणि त्या नावाच्या दारात लोड बॅलन्सर उभा असतो. त्याने खूण आत नेऊन विचारलं असणार, आणि आतल्या एकीने अगदी खरं उत्तर दिलं असणार: नाही, मी कुठलाही अर्ज केलेला नाही.

तिने पुन्हा अर्ज केला. पुन्हा. तिसऱ्या नकाराखाली एक ओळ होती: 'आपल्या नावाने कोणी तोतया व्यक्ती अर्ज करीत असल्याची सूचना वसुधा काळमेघ यांना देण्यात आली आहे.'

गॅसवरची अंबाडी करपली होती.

*

सोमवारी ती मोहरील साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब डबा खात होते.

"या या. आत्ताच तर बोललो आपण," साहेब म्हणाले आणि घास घेता घेता थांबले. त्यांनी टेबलावरच्या फोनकडे नजर टाकली. फोनवर लाल दिवा लागला होता. "म्हणजे… तुम्ही आत्ता सकाळपासून तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाबरोबर आहात ना? पडद्यावर?"

"ती पहिली प्रत आहे, साहेब. मी इथे आहे."

"हो हो. दिसता ना. मी कुठे नाही म्हणून राहिलो?" पण त्यांनी डब्याचं झाकण लावलं. वसुधाने सगळं सांगितलं. साहेब कपाळाला हात लावून ऐकत राहिले.

"हाताने चढवून द्या ना माझ्या फोनवर," ती म्हणाली.

"देता येत नाही. नियम तुम्हीच लिहिला, ताई. नावाच्या चालू धारकांनी हो म्हटलं पाहिजे. चालू धारक तीन आहेत." ते जरा अवघडले. "आणि दारावरच्याने तुम्हाला यादीतून काढलं आहे. कधीचंच. तो विचारतो, 'आहेस ना?', तुमचा फोन उत्तर द्यायला रेंगाळतो. त्याच्या लेखी तुम्ही बंद आहात."

"मी बंद आहे?"

"त्याच्या लेखी म्हटलं मी." साहेबांनी आवाज खाली आणला. "एक इलाज आहे. नव्या प्रमाणपत्रालाही किल्ली जुनीच आहे ना? आपण आळशी लोक, किल्ली बदलत नाही. ती तुमच्या फोनमध्ये आहे. किल्ली ज्याच्या हातात, त्याला प्रमाणपत्र रद्द करता येतं. कोणाला विचारावं लागत नाही. पण रद्द झालं की ते सगळीकडून रद्द होतं. तिघींचंही. नावच लाल. मग नव्या नावाच्या रांगेत वर्षभर उभं राहायचं."

बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलं. साहेब फोनवर बोलत होते. "नाही नाही, वसुधाताई, गेली ती. हो, बरीच तुमच्यासारखी होती."

गाडीत बसून तिने दुसऱ्या प्रतीला फोन लावला. आपलाच आवाज कानात ऐकणं म्हणजे अंधारात आपल्याच हाताला हात लागण्यासारखं असतं.

"बोल," दुसरी म्हणाली. "काल बाजारात अंबाडीचे पैसे दिलेस, तिचंच विचारायचं होतं ना? कण्या आधी शिजवायच्या. पण काल तू आईला फार घाबरवलंस. रात्रभर दारामागे खुर्ची लावून बसली होती."

"तू अर्जाला नाही का म्हणालीस?"

"मी अर्ज केला नव्हता. खोटं बोलायचं होतं का? आपण खोटं बोलत नाही." या 'आपण'वर वसुधाने फोन कानापासून जरा लांब धरला. दुसरी मायेने पुढे म्हणाली, "आणि आज तरी तिला पुन्हा त्रास देऊ नकोस. आज जायचा दिवस आहे."

"कुठे जायचा?"

"सारांशात लिहिलं होतं. वर्ध्याजवळच्या सांजनिवास या वृद्धाश्रमात. तिला एकटीला आर्वीत होत नाही आता. महिनोन्‌महिने बोलत होतो आम्ही. ती रडली, मग कबूल झाली. आर्वीचं घर भाड्याने गेलं. तू सगळ्यावर 'वाचलं' केलंयस."

"मला तिथे भेटता येईल ना?"

दुसरी क्षणभर थांबली. प्रती थांबतात ते विचार करायला नव्हे, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. वसुधाला हे माहीत होतं.

"आवाजचोरीपासून ते फार जपतात म्हाताऱ्यांना. टुण वाजल्याशिवाय कोणालाच आत घेत नाहीत. म्हणूनच तर ते ठिकाण निवडलं आपण."

वसुधाने गाडी सुरू केली.

*

आर्वीच्या घरापुढे एक पांढरी गाडी उभी होती. ओट्यावर दोन पिशव्या आणि एक वळकटी. अनसूयाबाई नवं लुगडं नेसून पायरीवर बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी एक दणकट बाई उभी होती. ही मंदा नेवारे, अनसूयाबाईंची देखभाल करणारी. वसुधाने तिला कधी पाहिलं नव्हतं. ठेवलं मात्र तिनेच होतं, म्हणजे दुसरीने.

"आई!"

अनसूयाबाईंनी मान जराशी वाकडी केली. कडेच्या नजरेने बघायची ती रीत होती. मग त्यांनी काही न बोलता फोन हातभर पुढे केला, जशी एखादी बाई दारात आलेल्या परक्या कुत्र्यापुढे काठी धरते. फोन घरघरला. लाल.

"कालचाच मुडदा," अनसूयाबाई मंदाला म्हणाल्या. "आता बाईच धाडली."

"आई, प्रमाणपत्राची मुदत संपली गं माझ्या. मी वसूच आहे. हात लावून बघ."

"माह्या लेकीनंच सांगून ठेवलं हाय मले. मी दारात आली तरी फोन पुढं कर म्हणे. तिचं नाही ऐकू तं तुहं ऐकू?"

मंदाने वसुधाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दिसते तं तशीच, आजी. पण फोनमधली ताई जरा भरलेली हाय. हे सुकून गेली." आणि मग समजूतदारपणे, "आजकाल दिसण्यावर काय हाय म्हणा."

"थांब," अनसूयाबाई म्हणाल्या. "मीच विचारतो हिले. काल संध्याकाळी मी वसूले काय सांगितलं?"

कालच्या सारांशावर वसुधाने नुसतं बोट टेकवलं होतं.

"परवा?"

पेरूच्या झाडावर एक खार तुरतुर चढली. वसुधा ज्यात त्यात हात घालून बघू लागली. "बाबांना तू पहाटे ताक द्यायचीस. माझ्या हनुवटीवर खूण आहे, हौदावर पडले होते ती. अमरावतीला जाताना तू पिशवीत खडा…"

"हे तं मीबी सांगू शकतो, आई," अनसूयाबाईंच्या हातातला फोन म्हणाला. टुण. हिरवा. "लहानपणचं सगळं त्याइच्यापाशी चोरलेलं असते. तू भेऊ नको वं. मी हाव ना."

दुसरी आर्वीच्या बोलीत बोलत होती. वसुधा नागपूरला गेल्यावर ती बोली विसरली होती, किंवा विसरायचं ठरवलं होतं. आईशी रोज बोलून दुसरी ती शिकली होती.

वसुधाने खिशातला फोन काढला. त्यावर रद्द करण्याची खिडकी उघडलेलीच होती. एक बोट टेकवायचं, की त्या फोनमधला हिरवा दिवा विझणार. मग दोघी लाल. मग तरी आई हाताला हात लावून बघेल.

"ताई," मंदा हळूच म्हणाली, काचेवरचा 'रद्द' शब्द वाचून, "मागं एकदा आजीचा फोन दिवसभर लाल झाला होता. सर्व्हर का काय बिघडलं होतं म्हणे. आजी दोन दिवस जेवली नाही. माही लेक मेली म्हणून बसली. तुम्ही कोणी असान, पण आज असं काही करू नका. आज तिले जागा भेटून राहिली."

वसुधाचा अंगठा काचेवर थांबला. तिच्या हातातल्या फोनमधून तिचाच आवाज आला, हलका, तिलाच ऐकू जाईल असा.

"तू दाबणार नाहीस. मी दाबलं नसतं."

आणि ते खरं होतं. यापेक्षा भयानक तिला आयुष्यात काही ऐकावं लागलं नव्हतं.

*

पिशव्या गाडीत गेल्या. मंदाने अनसूयाबाईंचा हात धरला. पायरी उतरता उतरता म्हातारी एकदम थांबली.

"मंदे, कोण कोण निघालो आपण?"

"तुमी, मी, अन् वसूताई फोनवर."

"तीन झाले वं."

"ड्रायव्हर हाय ना, आजी."

"तो गाडीचा. निघणारे तीन." अनसूयाबाईंनी वाकून जमिनीवर हात फिरवला. अंगणात फरशी बसवली होती. भाडेकरूंसाठी दुसरीनेच बसवून घेतली होती. एक खडा सापडेना. त्यांची कडेची नजर अंगणभर फिरली आणि वसुधाच्या पायांपाशी थांबली.

"ए बाई. तू उभीच हायस ना? चाल आमच्यासंगं. चौथी हो."

मंदा "अव आजी!" म्हणून ओरडली, पण अनसूयाबाईंनी तिला गप्प केलं. "काय करन ते? पाटल्या नाहीत, डागिना नाही. वसू, चालन ना वं?"

"चालन, आई," फोन म्हणाला.

वसुधा मागच्या सीटवर बसली, पिशव्यांच्या शेजारी. पुढे आई आणि तिची लेक बोलत होत्या. गुडघ्याबद्दल, भाडेकरूच्या बायकोबद्दल, बाबांच्या वर्षश्राद्धाला बोलावलेल्या गुरुजींबद्दल. ते श्राद्ध झालं होतं, आणि वसुधा त्याला 'हजर' होती. आई हसली की फोन हसे. एकदा आईने मागे हात करून पिशवी चाचपली, तेव्हा तिची बोटं वसुधाच्या मनगटाला लागली. ती तिथेच राहिली, बराच वेळ. मनगटावरून तळव्यावर, तळव्यावरून नखांवर.

"तुहे हात गार हायत बाई," अनसूयाबाई म्हणाल्या. "माही पोरगीबी अशीच. अंगात रक्त कमी." आणि हात काढून घेतला.

सांजनिवासाचं फाटक निळ्या रंगाचं होतं. पहारेकऱ्याने यंत्र पुढे केलं. मंदा: टुण. अनसूयाबाई: टुण. फोनमधली वसुधा काळमेघ, मुलगी: टुण. मग यंत्र मागच्या सीटकडे वळलं आणि घरघरलं.

"ही कोण?"

अनसूयाबाई गाडीतून उतरल्या होत्या. त्यांनी मान वाकडी करून वसुधाकडे पाहिलं. निदान तिच्या कानांकडे.

"ते होय? तो आपला खडा हाय."

वसुधा खाली उतरली. आईने जवळ येऊन तिच्या हनुवटीवर हात ठेवला. अंगठा त्या जुन्या व्रणावरून एकदा गेला, पुन्हा मागे आला. आई काहीतरी बोलणार होती. तिचे ओठ हललेसुद्धा.

"आई, चाल वं, ऊन लागून राहिलं," फोन म्हणाला. टुण.

"आली वं, आली." हात गळून पडला. "हिले आत नाही न्यायचं, नाही का? पोचल्यावर इथंच सोडायचा असते." मग त्या वसुधाला म्हणाल्या, निघताना कोणालाही म्हणावं तसं, "येतो बाई."

फाटक बंद झालं.

ती रस्त्याकडेला उभी राहिली. खालची जमीन मुरमाची होती, सगळे खडेच खडे. कोणी कोणाच्या घरून आणलेले, कोण जाणे. जरा वेळाने तिचा फोन थरथरला. संध्याकाळचा सारांश होता, आज लवकर आला होता.

'आईला सांजनिवासात पोचवून आले. खोली पूर्वेची आहे, आवडली. गुडघा बरा. वाटेत एक बाई भेटली, आपल्यासारखीच दिसणारी. आईला तिची दया आली. फाटकाशी आई थोडी रडली, पण का ते सांगेना. समजूत काढली. आता ठीक आहे.'

खाली ती खूण होती. वसुधा तिच्याकडे बघत उभी राहिली. न टेकवल्यास सारांश पुन्हा पुन्हा येणार, हे तिला माहीत होतं.

तिने बोट टेकवलं. वाचलं.